किल्ल्यावरचा पाहुणा

गेल्या दिवाळीत आमच्या अंगणातल्या किल्ल्यावर एक परका मुलगा चढून बसला. किल्ला नेहमीचाच होता. खाली विटांचे तुकडे, वर गोणपाट, त्यावर काळ्या मातीचा चिखल, उतारावर अळिवाची हिरवळ आणि पायथ्याशी डालडाच्या जुन्या डब्यातून केलेली विहीर. सिंहासनावर महाराज होते, बुरुजांवर मातीचे मावळे होते. मात्र महादरवाजाशी, जिथे एखादा भालदार असावयाचा, तिथे पुठ्ठ्यातून कापलेला एक पोरगा उभा होता. डोक्याचा पार गोटा केलेला, कपाळावर निळा बाण काढलेला, अंगात पिवळी-केशरी वस्त्रे आणि हातात काठी.

आई ओसरीवर करंज्या लाटीत बसली होती. तिने चष्मा वर सरकवला.

"हे टकलं पोरगं कुणाचं गं? नुकतीच मुंज झालीय का त्याची?"

"आजी, अगं तो आंग आहे," माझी अकरा वर्षांची मुलगी म्हणाली. "तो वारा वळवतो."

"वारा वळवतो म्हणजे काय करतो?"

मग नातीने आजीला सगळी कथा सांगितली. जगात चार लोक राहतात: पाण्याचे, पृथ्वीचे, अग्नीचे आणि वायूचे. प्रत्येकातली काही माणसे आपापले तत्त्व हाताच्या हालचालीने वळवू शकतात. चारही तत्त्वे वळविणारा जगात एकच असतो, तोच अवतार. हा अवतार बारा वर्षांचा पोर. शंभर वर्षे बर्फात गोठून पडला होता, जागा झाला तेव्हा अग्नीच्या राजाने निम्मे जग गिळले होते. आई ऐकत होती, लाटणे चालू होते. अंगावर येणारा भला मोठा धोंडा हा मुलगा वाऱ्याने थोपवितो, इथपर्यंत कथा आली तेव्हा लाटणे थांबले.

"मग सरळ सांग की, वाताकर्षण! आमच्या मच्छिंद्रनाथानं मारुतीचा डोंगर असाच तर थोपवला. हे सगळं पोथीत आहे."

मी शाळेत मुले शिकवितो आणि उरलेल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. म्हणजे दोन्ही धंदे गोष्टी सांगण्याचेच. माझे शिक्षण मॅट्रिकपुढे गेले नाही, त्यामुळे पांडित्याचा आव आणण्याची सोय नाही. पण आईच्या त्या एका वाक्याने मला कामाला लावले. मुले ज्याला कार्टून म्हणतात त्या हालत्या चित्रांतल्या लढाऊ पोरांचे आमच्या मुलखाशी काही जुने नाते आहे की काय, हे पाहावे असे वाटले.

प्रथम त्या टकल्या पाहुण्याविषयी. ही मालिका अमेरिकेत २१ फेब्रुवारी २००५ रोजी सुरू झाली आणि जुलै २००८ मध्ये संपली. मायकेल डांटे डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएट्झको या दोघांनी ती रचली. चित्रे हालविण्याचे बरेचसे कष्ट दक्षिण कोरियातील चित्रकारांनी उपसले. एकूण ६१ भाग आणि त्यांचे तीन खंड: जल, पृथ्वी, अग्नी. 'अवतार' हा शब्द आपलाच. मधल्या खंडात एक वृद्ध गुरू या मुलाला शरीरातील चक्रांविषयी सांगतो, तेही आपल्याच घरातून गेलेले.

पण मला त्यात अधिक मोलाची वाटली ती दुसरीच गोष्ट. त्यातल्या मारामाऱ्या मनाने काढलेल्या नाहीत. चारही लोकांना चीनमधील चार खऱ्या युद्धकला वाटून दिल्या आहेत. पाण्याला ताई-ची, सावकाश आणि वाहती. पृथ्वीला हुंग-गार, पाय रोवून उभी राहणारी. अग्नीला उत्तरेकडील शाओलिन, झेप आणि लाथ यांची. आणि वायूला बा-ग्वा, जिच्यात लढणारा सतत वर्तुळात फिरत राहतो, समोर म्हणून सापडतच नाही. किसू नावाचे एक उस्ताद सल्लागार होते. त्यांच्या देहाच्या हालचाली पाहून चित्रकार रेषा काढीत. आंधळी असूनही पृथ्वी वळविणाऱ्या एका मुलीसाठी तर हुंग-गार सोडून दुसरीच एक शाखा निवडली, कारण तिची चाल निराळी दिसावयास हवी होती. पोरांच्या करमणुकीसाठी एवढी मेहनत कोणी घेतो, हे पाहून मास्तराला बरे वाटते.

आता आईची पोथी. धुंडिसुत मालूचा 'नवनाथ भक्तिसार' हा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ चा, म्हणजे इसवी सन १८१९ चा. अध्याय चाळीस. आमच्या जिल्ह्यात तो नुसता वाचला जात नाही, राहतो. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे आणि रंगपंचमीच्या यात्रेला तिथे पाय ठेवावयास जागा मिळत नाही. त्याच तालुक्यात वृद्धेश्वर आहे. नगरजवळ गोरक्षनाथांचा गड आहे. श्रावणात घरोघरी पारायणे बसतात. लहानपणी मी त्या ओव्या पेंगत ऐकल्या, पण एक प्रसंग आला की झोप उडत असे.

मच्छिंद्रनाथ रामेश्वरी जातात. पाऊस कोसळतो आहे आणि एक वानर डोंगर उकरून निवाऱ्याची जागा करतो आहे. नाथ हसतात, घराला आग लागल्यावर विहीर खणावयास निघालास, असे म्हणतात. वानर म्हणजे साक्षात मारुती. तो चिडतो, डोंगरामागून डोंगर फेकतो. नाथ एकेक हवेत अडवितात. शेवटी मारुती एक प्रचंड पर्वत मस्तकी घेऊन उभा राहतो, तो नाथ पाणी शिंपून वाताकर्षणाचा मंत्र टाकतात. वारा थांबला, म्हणजे वायुपुत्रच थांबला! हात वर, डोईवर पर्वत, पाय जमिनीला खिळलेले. अखेर वायुदेवाला येऊन मुलासाठी रदबदली करावी लागते. अग्न्यस्त्रावर जलदास्त्र, पर्वतास्त्रावर वज्रास्त्र, असे सामने पोथीत पानोपानी आहेत. नातीने वर्णिलेली चारही तत्त्वे आजीने ओळखली, यात नवल काही नाही.

त्याच पोथीत आणखी एक कथा आहे, ती तर हालत्या चित्रांची कुलकथाच म्हणावी. बाल गोरक्ष संजीवनी मंत्र पाठ करीत बसला आहे. गावची पोरे येतात आणि मातीची गाडी करून मागतात; मग गाडीवर बसावयास गाडीवानही हवा. गोरक्ष तोंडाने मंत्र म्हणत हाताने चिखलाचा माणूस घडवितो, आणि तो माणूस जिवंत होतो! पोरे भूत भूत म्हणून पळत सुटतात. तेच गहिनीनाथ. पोरांच्या हट्टापायी मातीच्या बाहुलीत जीव घालणे, याहून वेगळे असे हालत्या चित्रांचा कारागीर काय करतो?

शब्दांनी जीव घातला तो पोथीने. चित्रांना जीव घालण्याची धडपडही आमच्या शेजारी जुनीच आहे. गोदावरीच्या दक्षिण तीरी आमचा शेवगाव तालुका आणि पलीकडे पैठण. त्या गावाचे नाव मिळालेली चित्रकथीची चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहेत. माणसे बाजूने काढलेली, डोळे मोठाले, रंग सपाट आणि ठसठशीत. राम-रावण, कौरव-पांडव, राक्षस आणि वीर समोरासमोर उभे आणि मधल्या जागेत बाणच बाण. चित्रकथी गठ्ठा पुढे उभा धरी आणि वाद्यांच्या साथीवर कथा सुरू करी. प्रसंग संपला की ते पान बाजूला, दुसरे पुढे. पानाच्या दोन्ही अंगांना चित्रे चिकटविलेली असत. समईच्या उजेडात, पुढच्या रांगेत बसलेल्या पोराला ती चित्रे स्थिर दिसत असतील, हे मला खरे वाटत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर मंडळींनी ही कला आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ अजून जपला आहे. तेथील परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली.

चित्रकथक हा शब्द मात्र पिंगुळी-पैठणहून कितीतरी जुना. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' ग्रंथात चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्याचा उल्लेख येतो. आणि गंमत अशी की त्याच ग्रंथात राजाच्या करमणुकींमध्ये मल्लविनोदाचेही सविस्तर वर्णन आहे: वय, अंगलट आणि बळ पाहून मल्लांची प्रतवारी कशी करावी, त्यांना खावयास काय द्यावे, रोजचा सराव कसा घ्यावा. लढाईचे चित्र दाखविणारा आणि प्रत्यक्ष अंग कमावणारा, दोघे एकाच राजाच्या दरबारात. माझ्या कथेचे दोन धागे मला आठ-नऊशे वर्षांमागे एका पोथीत गाठ मारलेले सापडले.

नगरचेही एक लढाईचे चित्र आहे. निजामशाही सुलतान हुसेन याच्यावर आफताबी नावाच्या कवीने फार्सी काव्य रचले, 'तारीफ-ए-हुसेनशाही'. काळ १५६५ च्या सुमाराचा. त्याची सचित्र प्रत पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात आहे. तालिकोटच्या रणाची चित्रे तीत आहेत. पण त्या प्रतीत पाहणाऱ्याला खटकते ते रण नव्हे, तर रिकामी जागा. सुलतानाशेजारी त्याची बेगम खुंजा हुमायून हिला चित्रकाराने बसविले होते. हुसेनच्या मृत्यूनंतर तिने मुलाच्या नावे कारभार केला. १५६९ च्या सुमारास त्या मुलानेच तिला कैद केले. आणि चित्रांतून तिची आकृती खरवडून, पुसून टाकण्यात आली. आज तिथे एक धुरकट डाग तेवढा आहे.

तिची मुलगी चांदबिबी. १५९५ च्या अखेरीस मोगलांनी नगरच्या किल्ल्याला वेढा घातला. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सुरुंग उडाला आणि तटाला भगदाड पडले. तेव्हा ही बाई चिलखत चढवून, तोंडावर बुरखा घेऊन, हाती तलवार धरून भगदाडात येऊन उभी राहिली आणि रातोरात तट पुन्हा उभारून घेतला. मोगलांना वऱ्हाडावर समाधान मानून तह करावा लागला. आईची आकृती पुसली गेली, लेकीची मात्र चित्रकारांनी पुढे दोनशे वर्षे पुनःपुन्हा काढली: घोड्यावर, हातावर ससाणा घेतलेली. 'अमर चित्रकथे'नेही तिच्यावर पुस्तक काढले, ते माझ्या वर्गाच्या कपाटात होते. पोरे वाचून वाचून त्याची पाने सुटली.

मधला प्रवास फारसा लांबवीत नाही. १८८७ मध्ये मायब्रिज या छायाचित्रकाराने अमेरिकेत माणसा-जनावरांच्या हालचालींचे ७८१ तक्ते प्रसिद्ध केले. त्यांत कुस्ती खेळणारे आणि पट्टेबाजी करणारे गडी क्षणाक्षणाने टिपलेले आहेत. हालत्या चित्रांच्या साऱ्या विद्येचे हे मुळाक्षर, आणि ते गिरविले गेले पैलवानाच्या देहावर! आमच्या शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वरचे दादासाहेब फाळके यांनी १९१५ मध्ये 'आगकाड्यांची मौज' हा लहानसा पट केला. काडी हलवावयाची, एक चित्र घ्यावयाचे, पुन्हा काडी हलवावयाची. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये त्यांनी आपली चिमुकली मुलगी मंदाकिनी हिला कृष्ण केले आणि पाण्याखाली नागाशी झुंजविले. पराक्रमी बालवीराचा हा आपला पहिलावहिला बोलका, म्हणजे खरे तर मुका, नमुना. आणि तो बालवीर एक मुलगी होती. पुढे १९३४ मध्ये प्रभातने 'जंबूकाका' हे कोल्ह्याचे व्यंगचित्र काढले. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये डिस्नेकडील क्लेअर वीक्स यांच्या हाताखाली आपली माणसे शिकली. तिथून पुढे आलेले राम मोहन यांनी जपानी दिग्दर्शक युगो साको यांच्याबरोबर रामायण हालत्या चित्रांत आणले. ते १९९२ मध्ये पुरे झाले आणि २०२५ च्या जानेवारीत आपल्याकडील चित्रपटगृहांतून झळकले; माझ्या मुलीने ते तिथेच पाहिले.

माझ्या पिढीचे रामायण निराळे. १९८७ साली दर रविवारी गावातल्या एकुलत्या एका दूरदर्शन संचापुढे सारे गाव बसे आणि संपताच पोरे खराट्याचे हीर बाण म्हणून सोडीत. मी कडब्याच्या गंजीवरून लंकेकडे उड्डाण केले होते. मनगट महिनाभर गळ्यात बांधून हिंडलो. मला उडी दिसली होती; उडीपूर्वीचे काही दिसले नव्हते.

आणि इथेच आजच्या कार्टूनांशी माझे भांडण आहे. सगळ्यांशी नव्हे, काहींशी. २००८ पासून घरोघरी लाडका झालेला छोटा भीम पाहा. हैदराबादच्या राजीव चिलका यांच्या मंडळींनी तो घडविला. मुलगा गोड आहे, मित्रांना जपणारा आहे, ढोलकपूरही झकास आहे. पण संकट आले की तो लाडू खातो आणि बाहूंत बळ येते. दिवाळीच्या दिवसांत लाडवाची निंदा करणे बरे नव्हे, तरीही विचारतो: हा गडी जोर केव्हा काढतो? बैठका केव्हा मारतो? टकल्या आंगाचे तसे नाही. त्याला तीन खंडभर शिकावे लागते. अग्नीची विद्या घाईने हाताळावयास जातो आणि आपल्याच मैत्रिणीचे हात भाजतो. मग कितीतरी दिवस त्या विद्येकडे पाहावयास धजत नाही. ती आंधळी मुलगी लहानपणी जमिनीखालच्या आंधळ्या जनावरांकडून विद्या शिकली. वळविण्यापूर्वी प्रत्येकजण कोणापुढे तरी नम्र झालेला आहे.

अशी कथा आपल्याकडे नाही काय? आहे, आणि पोथीतली नव्हे, तालमीतली आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारी निजामाकडील अली आणि गुलाब नावाचे दोन जबरदस्त मल्ल आले आणि त्यांनी आव्हान दिले. पुण्याचे पैलवान मान खाली घालून राहिले. तेव्हा बाळंभटदादा देवधर हा कोवळा पोर पुढे झाला आणि त्याने तयारीसाठी मुदत मागितली. आख्यायिका सांगते ती अशी की तो वणीच्या सप्तशृंगीच्या डोंगरात गेला, तिथे देवीची उपासना केली, आणि मारुतीने वानररूपाने त्याला लाकडी खांबावरच्या उड्या, पकडी, तिढे शिकविले. परत आला तो अलीला चीत करून. गुलाबाने मग लढावयाचे नाकारले. वानराचे काय ते भाविकांनी पाहावे. बाळंभटदादा, त्यांचा मल्लखांब आणि त्यांनी तयार केलेली शिष्यपरंपरा हा इतिहास आहे. झाडावरच्या वानराला तासन् तास न्याहाळणारा एक पोरगा डोळ्यांपुढे आणा. चिनी उस्तादाच्या देहावरून रेषा काढणारा चित्रकार आणि तो, यांत मला फारसे अंतर दिसत नाही. पुढे बडोद्याच्या दत्तात्रय चिंतामण करंदीकर मुजुमदार यांनी १९३६ ते १९४९ या काळात दहा खंडांचा 'व्यायामज्ञानकोश' सिद्ध करून ही सारी विद्या कागदावर उतरविली.

आणि 'तालीम' हा शब्द तरी काय आहे? मूळ अरबी, अर्थ शिक्षण. कुस्तीच्या लाल मातीला आपल्या लोकांनी शाळेचे नाव दिले. मी ज्या शाळेत नोकरी करतो तिथे फळ्याला रंग आहे, खडू आहे, मल्लखांब मात्र नाही. पटांगणाच्या कोपऱ्यात एक सागाचा खांब रोवावा, असा माझा तगादा तीन वर्षे चालू आहे.

हे सगळे मी चार दिवस घरात मोठ्याने वाचीत आणि सांगत होतो. भाऊबीजेच्या सकाळी अंगणात आलो तो किल्ल्याच्या पूर्वेकडील तटाला भगदाड पडलेले. मांजराने उडी मारली असावी. मुलगी पुढ्यात चिखल घेऊन बसली होती.

"बाबा, बुजवू नका," ती म्हणाली. "तिथे उभी करायचीय."

दुपारपर्यंत चिखलाची वीतभर उंचीची एक बाई तयार झाली. तलवार म्हणजे खराट्याचा हीर; बुरखा म्हणजे आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. टकला आंग महादरवाजातून काढून तिने भगदाडात, त्या बाईच्या डाव्या हाताला रोवला. महाराज सिंहासनावरून पाहत होते. आईने करंज्यांचे ताट आत ठेवले, संध्याकाळची पणती घेऊन आली, आणि ती दरवर्षीप्रमाणे दरवाजाशी न ठेवता भगदाडाशी ठेवली.

"चिखल ओला आहे अजून," ती नातीला म्हणाली. "रातच्याला पातेलं पालथं घाल वरून. मांजर परत यायचं."